पहिली जाळी कुणाला दिली

पार्सिपनी, न्यू जर्सी
रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

सौ. संध्याताईंना नमस्कार.

मी रुपालीची मावशी. साखरपुड्यात ओटी आधी कुणी भरायची यावरून भटजींशी बोलत होते, तीच. तिचे आईवडील पुण्यात, त्यामुळे अमेरिकेत तिची जबाबदारी माझ्यावर. जशी तुमच्या धाकट्या भावाची, म्हणजे प्रसन्नची, तुमच्यावर. फोन न करता पत्र लिहिते आहे याचं नवल वाटून घेऊ नका. फोनवर माणूस हसून वेळ मारून नेतो. कागदावर तसं हसता येत नाही.

मुद्द्यावर येते. प्रसन्न कंपनीच्या कामाला ऑस्ट्रेलियात जाऊन महिना उलटला. परवा त्यांचं रुपालीला पत्र आलं. ती कॉलेजच्या होस्टेलवर राहते, पण तिची पत्रं माझ्या पत्त्यावर येतात, आणि या पाकिटाचा डिंक आधीच सुटलेला होता. दोन पानं भरून मजकूर. आणि त्यात काय? माशा. चहात माशा, नाकात माशा, चष्म्याच्या आतून माशा. मे महिन्यात लग्न असलेल्या मुलाला होणाऱ्या बायकोला लिहायला दुसरं काही सुचू नये?

आणि मला सांगा, गोऱ्यांच्या देशात माशा आल्या कुठून? मी इथे वीस वर्षं राहते आहे. उन्हाळ्यात एखादी चुकून घरात आली तर आमचे हे पेपरची गुंडाळी घेऊन संध्याकाळभर तिच्या मागे असतात. माझं माहेर कागलजवळचं. आमचं गुऱ्हाळ होतं. माशी म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. जो माणूस दोन पानं माशांनी भरतो, त्याला तिसरंच काहीतरी झाकायचं असतं, असं माझं मत आहे.

आमचे हे म्हणतात, "मीनू, लीव्ह इट. तो बिझी असेल." हे नेहमीच असं म्हणतात. इंडियन स्टोअरमधून आणलेल्या तांदळाचं मी घरी पुन्हा वजन करते तेव्हाही असंच म्हणतात, आणि तांदूळ दर वेळी कमी भरतो.

रुपालीने ते पत्र कमरेवर हात ठेवून उभ्याउभ्या वाचलं आणि खुदकन हसली. ही तिची कमरेवर हात ठेवायची खोड काही जात नाही. तुम्ही पाहायला आलात तेव्हाही तशीच उभी होती, नळावर भांडायला आल्यासारखी. पोर साधी आहे. तिला शंका म्हणून येत नाही, त्यामुळे तिच्या वाटच्याही मलाच घ्याव्या लागतात.

खरं काय ते कळवा. लोभ आहे, तो राहावा असं उत्तर यावं.

मीनाक्षी

*

सांता क्लारा, कॅलिफोर्निया
२७ नोव्हेंबर १९८६

ती. मीनाक्षीमावशींना संध्याचा नमस्कार.

तुमचं पत्र आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग नवऱ्याला, गुरुदत्तला, वाचून दाखवलं. तो म्हणाला, "यार, ह्या बाईंना आमच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला घ्यायला पाहिजे." रागावू नका, हे तो कौतुकाने म्हणाला.

मावशी, माशा खऱ्या आहेत हो. प्रसन्न काही शहरात बसलेला नाही. त्याच्या कंपनीची यंत्रं तिथल्या आतल्या भागातल्या खाणींमध्ये बसवायची असतात. एका खाणीवरून दुसरीकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस लाल मातीतून गाडी हाकायची. वाटेत गुरांचे मोठमोठे माळ. गुरं आली की शेण आलं आणि शेण आलं की माशा. त्यांना मालक गोरा की काळा हे कुठे कळतं?

त्याने मला लिहिलंय तेच उतरवून देते: "ताई, इथे दात मिटून बोलायला शिकलो. उघड्यावर जेवायला बसलं तर घास आणि माशी बरोबरच तोंडात जातात. गाडीत काचा वर करून जेवावं तर एसी बंद, आपणच शिजतो. सारखा हात हलवून खांदा दुखतो. इथले लोक हात हलवणंसुद्धा सोडून देतात. ओठांवर माशी असताना माणसं शांतपणे बोलत असतात, ते पाहून मला आधी भीती वाटली."

मला काही राहवेना. दुकानातून रुंद कडेची टोपी आणली, मच्छरदाणीच्या पांढऱ्या कापडाची गळ्यापर्यंत येईल अशी जाळी शिवली, टोपीला पक्की टाचली आणि पाठवून दिली. खालचा काठ उसवू नये म्हणून पडद्यातून उरलेली लेस लावली. तो बोंबलेल, पण घालेल.

आता शंका गेली का? आज थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे, शेजारणीने भोपळ्याचा गोड पाय भाजून दिलाय. तुम्ही इथे असतात तर तोही तपासून घेतला असता.

तुमची,
संध्या

*

पार्सिपनी
७ डिसेंबर १९८६

सौ. संध्याताई,

शंका गेली असती तर हे पत्र लिहिलं नसतं.

पुरुषाच्या टोपीला लेस! असो, तो तुमच्या घरचा प्रश्न. पण तुम्ही जे उतरवून पाठवलंत ते कुठल्याही मासिकात वाचून लिहिता येईल. ऐकीव माहिती आणि अनुभव यांत फरक असतो. म्हणून खाली काही प्रश्न देते. ते जसेच्या तसे प्रसन्नना पाठवा, उत्तरं त्यांच्याच शब्दांत कळवा, मधे तुमची शिलाई नको.

माशा दिवस मावळल्यावर कुठे जातात? अंगावर कुठे जास्त बसतात, तोंडावर की पाठीवर? गूळ किंवा साखर उघडी ठेवली तर माणूस सोडून तिकडे जातात का? लिंबाच्या पाल्याचा धूर केला तर किती वेळ टिकतो?

ज्याने माशांत दिवस काढले आहेत त्याला ही उत्तरं झोपेत देता येतील. ज्याने नाही, तो अडकेल.

रुपाली पुढच्या आठवड्यात तिच्या प्रोफेसरबाईंबरोबर वाळवंटात चालली आहे. मातीचे नमुने आणायचे, तिच्या पीएच.डी.चं काम आहे. जानेवारी अखेरपर्यंत तिकडेच. लॉस एंजेलिसला विमान बदलणार म्हणाली. ॲरिझोनात रात्री कडाक्याची थंडी पडते असं आमच्या मंडळातल्या कांचन म्हणत होत्या, म्हणून मी जाड स्वेटर पुरा करायला घेतलाय. डब्यात लाडू देणार आहे. या मुलीबद्दल मात्र माझ्या जिवाला घोर नाही. तिला कधी काही विचारावं लागत नाही, जे आहे ते तिच्या तोंडावर असतं. सगळी माणसं अशी असती तर मला एवढी पत्रं लिहावी लागली नसती.

उत्तरांची वाट पाहते. उशीर झाला तर त्याचाही अर्थ लावीन.

मीनाक्षी

*

सांता क्लारा
४ जानेवारी १९८७

ती. मीनाक्षीमावशी,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. तुमच्या परीक्षेचा पेपर काल तपासायला आला. एका अक्षराचीही शिलाई न करता पाठवते.

"मावशींना सांग, दिवस मावळला की माशा शाळा सुटल्यासारख्या निघून जातात. कुठे जातात ते मलाही कळलेलं नाही. झाडांवर बसत असाव्यात. म्हणून आम्ही जेवण अंधारातच करतो. पाठीवर तर एवढ्या बसतात की पुढच्या माणसाचा शर्ट कुठल्या रंगाचा ते विसरायला होतं, पण त्या पाठीवरच्या नुसत्या फुकट प्रवास करणाऱ्या. खऱ्या त्रास देणाऱ्या तोंडावर येतात. त्यांना साखर नको असते. उघडा जॅम ठेवून पाहिला, ढुंकून बघत नाहीत. त्यांना पाणी हवं असतं. डोळ्यांच्या कडांचं, नाकाचं, ओठांचं. सगळा मुलूख कोरडा, त्यात ओलं असं फक्त माणूस. कडुनिंब इथे नाही, ओला पाला जाळून धूर केला. धूर असेपर्यंत माशा नाहीत, पण मग माणूसही तिथे बसू शकत नाही."

मला तर पास वाटतो.

एक काम वाढलं. म्हणतो, आणखी एक जाळी लगेच शिवून पाठव, पहिली टोपीसकट कुणाला तरी दिली. कापड संपलंय, उद्या आणते. रुपालीचं वाळवंटातून काही पत्र?

संध्या

*

पार्सिपनी
१० जानेवारी १९८७

सौ. संध्याताई,

कुणाला?

तुम्ही हे वाक्य भाजी आणायला गेल्यासारखं लिहून टाकलंत. "पहिली कुणाला तरी दिली." माशा तोंडावर इतक्या बसतात की माणसाला जेवता येत नाही, असं तेच लिहितात, आणि मग तोंडावरची जाळी काढून ते ती कुणाला तरी देऊन टाकतात. माणूस असं कुणासाठी करतो? ड्रायव्हरसाठी? खाणीतल्या साहेबासाठी? लेस लावलेली टोपी कुठला साहेब घालेल?

माशांच्या उत्तरांबद्दलही सांगते. साखर सोडून डोळ्यांतल्या पाण्यावर बसणारी माशी मी उभ्या जन्मात पाहिली नाही. आमच्या गुऱ्हाळावर काहिलीच्या कडेने माशांचा थर असायचा, पण कुणाच्या डोळ्यांत गेलेली आठवत नाही. हे त्यांनी रचलं आहे. एक खोटं सापडलं की मी बाकीचं तपासत बसत नाही.

आमचे हे म्हणाले, "अगं, तिथली माशी वेगळी असेल." यांना सगळं वेगळं असेल असंच वाटतं.

रुपालीचं पत्र नाही. ती कामात असणार. तुमच्या भावाला स्पष्ट विचारा, जाळी कुणाच्या डोक्यावर आहे?

मीनाक्षी

*

पार्सिपनी
रविवार, १८ जानेवारी १९८७

संध्याबाई,

तुमच्या उत्तराची गरज उरली नाही. उत्तर प्रत्यक्ष तुमच्या भावाने पाठवलं.

शुक्रवारी ऑस्ट्रेलियाहून माझ्या नावाने पाकीट आलं. आत पत्र नाही, एक फोटो. लाल माती, जीप, आणि जीपपुढे दोन माणसं. एक तुमचा भाऊ. डोक्याला पांढरा फेटा आणि दोन्ही कानांवरून खाली आलेल्या मुंडावळ्या. मी चष्मा पुसून पाहिलं. मुंडावळ्याच, चांगल्या गालापर्यंत लोंबणाऱ्या. शेजारी बाई. पँट घातलेली, पायांत बूट, आणि तोंडावरून गळ्यापर्यंत पांढरी जाळी, तिला खाली लेस. इथे चर्चच्या पायऱ्यांवर नवऱ्या उभ्या असतात, तशी. एक हात कमरेवर, दुसरा हात तुमच्या भावाच्या खांद्यावर, बाजारात म्हैस विकत घेतल्यासारखा. तोंड दिसत नाही. लाजेने झाकलंय म्हणावं, तर उभं राहण्यात लाज कुठेच नाही.

फोटोच्या मागे तुमच्या भावाच्या अक्षरात काय लिहिलंय ते ऐका. "मावशी, माशा खऱ्या आहेत. बाकीचं ओळखा."

ओळखलं. एवढी काही मी दूधखुळी नाही. अर्धं लग्न आपल्या पद्धतीने आणि अर्धं त्यांच्या पद्धतीने लावून टाकलं, आणि वर मलाच कोडं घालतात.

मेच्या तारखेचा हॉल मी काल सकाळी कॅन्सल केला. संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायका विचारू लागल्या, लग्नाची तयारी कुठवर आली. मी तिळगूळ देता देता सगळ्यांना सांगितलं की हे लग्न होणार नाही, आणि का ते दाखवलंही. कांचनना फोटो पाहून घाम फुटला. इथलाच एक चांगला डॉक्टर मुलगा आहे, रुपाली परत आल्या आल्या त्याला पोह्यांना बोलावते आहे. माझी पोर तिकडे थंडीत माती खणत बसली आहे आणि इकडे तिच्या नशिबाची माती झाली, हे तिला कसं सांगू ते मला कळत नाही. 

फोटो मी मधून फाडला. तुमचा भाऊ तुम्हाला लखलाभ, तो अर्धा सोबत पाठवते. बाईचा अर्धा माझ्याकडे राहील. उद्या कुणी नाकारलं तर पुरावा हवा.

यापुढे पत्र नको.

मीनाक्षी

*

सांता क्लारा
२४ जानेवारी १९८७

ती. मीनाक्षीमावशी,

यापुढे पत्र नको म्हणालात, पण हे एक वाचा. मग मला काय बोलायचं ते बोला.

तुमचं पत्र उघडलं तेव्हा मीही हादरले. आईबाबा नागपूरला, त्यांना काय सांगायचं? भावावर माझा विश्वास आहे असं लिहायला घेतलं, पण हात अडला. खरं सांगते, मावशी, दोन दिवस मलाही तुमचंच खरं वाटत होतं. खाणीवर फोन लावला तर तो लांब कुठेतरी गेलेला. मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की पुरे.

मग गुरुदत्तने तो फोटोचा अर्धा टेबलावर ठेवला. चिप तपासायचं भिंग ऑफिसातून घेऊन आला होता. मी आधी फेटा पाहिला. तो टॉवेल आहे. आमच्या घरचा, निळ्या पट्टीचा, मीच त्याच्या बॅगेत घातला होता. मुंडावळ्या पाहिल्या. ती बाटलीची बुचं आहेत, मावशी. दोऱ्यात ओवून टॉवेलला बांधलेली. मान हलली की ती हलतात आणि माशा गालावर बसत नाहीत. तिथे पूर्वी लोक असं करायचे, असं त्याने मला एकदा लिहिलंही होतं. मी विसरले.

पण मी लिहायला बसले ते याच्यासाठी नाही. तुम्ही फोटो रागाने फाडलात, तेव्हा बाई तुमच्याकडे राहिली आणि तिचा हात माझ्याकडे आला. प्रसन्नच्या खांद्यावर तो तसाच आहे. त्या हातात अंगठी आहे. लाल खडा, वर दोन्ही बाजूंनी सोन्याची पानं.

साखरपुड्याच्या वेळी मी हिऱ्याची अंगठी घेणार होते. तुम्ही म्हणालात, मुलीला सौम्य मंगळ आहे, पोवळंच हवं. मी सारं कॅलिफोर्निया पालथं घातलं, तुम्हाला मनात किती नावं ठेवली ते आज सांगायला हरकत नाही, आणि शेवटी एका सोनाराकडून मुद्दाम बनवून घेतलं. तसं दुसरं पोवळं या जगात नाही.

तुमच्याकडचा अर्धा काढा. कमरेवरचा हात बघा. नळावर भांडायला आल्यासारखं कोण उभं राहतं ते तुम्हीच मला पहिल्या पत्रात लिहिलं होतं.

मावशी, रुपाली कुठल्या वाळवंटात गेली आहे, असं ती म्हणाली होती?

संध्या

*

ॲलिस स्प्रिंग्जजवळ, ऑस्ट्रेलिया
१४ जानेवारी १९८७

प्रिय मावशी,

तिळगूळ घे, गोड बोल. इथे तीळ मिळाले नाहीत, म्हणून नुसतंच गोड बोल.

फोटो मिळाला असेल. ओळखलंस ना लगेच? प्रसन्न म्हणत होता की पत्र आधी पाठवू. मी म्हटलं, माझी मावशी दाराच्या फटीतून बुटांवरून माणूस ओळखते, तिला पत्र कशाला. किती हसली असशील! आता एवढी माफी माग असं म्हणत असशील तर ती मागतेच.

मी खोटं बोलले नाही हं. प्रोफेसरबाईंचं काम इथेच होतं, ऑक्टोबरपासून ठरलेलं. मी म्हटलं, वाळवंटात जातेय. तू ॲरिझोना धरून चाललीस आणि स्वेटर विणायला बसलीस. तू एकदा जरी विचारलं असतंस, कुठलं वाळवंट, तर मी शप्पथ खरं सांगितलं असतं. मी वाट पाहत होते. दाराशी लाडवांचा डबा देईपर्यंत वाट पाहिली. अख्ख्या न्यू जर्सीला प्रश्न विचारतेस, आणि मला एक विचारायचा राहिला तुझा. मग मीही नाही बोलले. बोलले असते तर तू जाऊ दिलं नसतंस, नाहीतर बरोबर आली असतीस.

मावशी, रागावू नको, पण तांदूळसुद्धा तू घरी आणून परत वजन करतेस. आणि मला म्हणालीस, दोनदा भेटलीस ना, घर चांगलं आहे, हो म्हण. दोन्ही भेटी तुझ्या हॉलमध्ये. हॉलमध्ये सोफ्यावर बसून सामोसा खाताना कोण वाईट वागतं? मी तुझीच भाची. मलाही पारखून घ्यायचं होतं. तुला वाटतं मला शंका येत नाहीत. मी फक्त बोलून दाखवत नाही.

इथल्या माशा म्हणजे काय ते लिहून कळणार नाही. आमच्या प्रोफेसरबाई देवमाणूस, कधी आवाज चढत नाही त्यांचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी मातीची पिशवी जमिनीवर आपटली आणि सगळ्यांवर ओरडल्या. दुपारी जो तो दुसऱ्याला बोलत असतो. माणसाची सगळी पॉलिश इथे उतरते. म्हणून मला वाटलं, हीच जागा बरी.

प्रसन्न त्याच्या खाणीवरून दिवसभर ड्राइव्ह करून आला. मी सकाळपासून खड्ड्यात उतरलेली, डोळ्यांत माशा, नाकात माशा, आणि मला अचानक रडूच आलं. रडले तर आणखी आल्या, पाण्याला. मग आणखी रडू आलं. अशी मी, पहिल्यांदा हॉलबाहेर भेटतेय आणि नाक पुसतेय. तो जवळ आला. समजूत नाही, जोक नाही. स्वतःच्या डोक्यावरची टोपी जाळीसकट काढली, माझ्या डोक्यावर ठेवली, गळ्याशी दोरी ओढून घेतली आणि नमुन्यांच्या पिशव्या उचलायला लागला. परत मागितली नाही. नंतरचे दोन दिवस तो हाताने गाल झटकत गाडी चालवत होता. तिसऱ्या दिवशी हॉटेलातून बुचं मागून आणली आणि ते बाशिंग बांधलं. आम्ही दोघं इतके हसलो की तेवढ्यात एक माशी त्याच्या घशात गेली.

तू विचारशील, एकदाही चिडला नाही का? चिडला की. चांगला चिडला. माशांवर. माझ्यावर नाही.

म्हणून मी आता हो म्हणते, मावशी. साखरपुड्यात म्हणाले होते ते तुझं हो होतं.

महिनाअखेर येते. स्वेटर रात्री उशाला घेते, उपयोग होतो, खोटं नाही सांगत.

तुझी,
रुपाली

*

पार्सिपनी
रविवार, १ फेब्रुवारी १९८७

प्रिय संध्या,

ताई-बाई लावत नाही. ज्या मुलीपुढे इतकी मान खाली गेली, तिला आता काय मान द्यायचा.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तो अर्धा फोटो कपाटातून काढला आणि खिडकीशी नेला. तिचे बूट पाहिले. मीच घेऊन दिलेले. फोटो आला त्या दिवशी मी मुंडावळ्या पाहिल्या, लेस पाहिली, त्या बाईला मनात काय काय म्हटलं, आणि बुटांकडे पाहिलं नाही. तुझ्या पत्रानंतर तिसऱ्या दिवशी रुपालीचं पत्र आलं. फोटो ओळखला ना, किती हसली असशील, असं लिहिलंय पोरीने. ते वाचताना मी खुर्चीवर बसले ती उठलेच नाही. आमचे हे शेजारी उभे होते. त्यांनी चहा करून आणला. तो कडू झाला होता, तरी प्यायले.

मला काय लागलं ते सांगते. तिने फसवलं हे नाही. तिने फसवलंच नाही, मी विचारलं नाही. तिच्यावर माझा इतका विश्वास की मी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नाही, आणि तिला वाटलं, मावशीला तिच्याबद्दल विचारावंसं वाटत नाही. शंका घेणं म्हणजेच काळजी घेणं, असं मी जन्मभर धरून चालले. जिची खरी काळजी होती तिला एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडलं असतं?

प्रसन्नला माझ्याकडून सांग, माशा डोळ्यांतल्या पाण्यावर येतात हे मी आता मान्य करते. बरं झालं इथे त्या नाहीत. पत्र वाचताना माझी काही धडगत नव्हती.

आता निस्तरायचं. हॉलची ती तारीख दुसऱ्यांनी घेतली. मी मंडळातल्या एकेकीला फोन केला आणि माझ्या तोंडाने सांगितलं की नवरी आमचीच होती. पहिल्या दोघींना दोनदा सांगावं लागलं, मग सवय झाली. कांचन तर हसता हसता फोनवरच लोळायच्या राहिल्या. डॉक्टर मुलाला कळवलं, पोहे रद्द. लग्न मे महिन्यातच होईल, आमच्या बॅकयार्डात. तुझ्या आईवडिलांनी यावं, मी नागपूरला वेगळं पत्र घालते आणि त्यात काही विचारत नाही. मुंडावळ्या मात्र मी बांधणार. बुचं चालणार नाहीत.

तू पाठवलेला अर्धा मिळाला. दोन्ही अर्धे जुळवून मागून पुढून चिकटपट्टी लावली आणि दिवाणखान्यात, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. मधोमध पट्टी दिसते ती दिसतेच. यांनी विचारलं, फ्रेमवाल्याकडे देऊन नीट करून आणू का? मी म्हटलं नको. तो अंतरपाट आहे, मे महिन्यात काढू.

काल रुपाली आली. न्यूअर्कला मी स्वतः गेले. नाकाचं साल निघालंय, रंग रापलाय. कमरेवर हात ठेवून उभी होती, मी काय बोलते ते पाहत. मी विचारलं, "कुठलं वाळवंट गं?" मग तिने गाडीत बसल्यापासून घरी पोचेपर्यंत सांगितलं.

तुझी,
मीनाक्षीमावशी

ता. क. तो फोटो काढला कुणी, हे तिने पत्रातही लिहिलं नाही आणि गाडीतही सांगितलं नाही. विचारणार होते. राहू दे.